वासना : आठवणींच्या भेदांवर उभा पंथ

अमरावतीच्या राजापेठेत बसून मराठी गद्याचा विचार करू लागले की रिद्धपूर टाळता येत नाही. मोर्शी तालुक्यातल्या या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने लीळा पाहिली त्याला गाठायचे, त्याचे ऐकायचे, नागदेवाचार्यांपुढे ठेवायचे आणि मग लिहायचे, अशी रीत होती. ‘लीळाचरित्र’ आपण आद्य चरित्र म्हणून शिकतो. पण आधी ते स्वामींच्या वियोगानंतर एका समूहाने केलेले आठवणींचे काम आहे.

आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा काय झाले, हा खरा प्रश्न. मूळ पोथी धाडीत गेली आणि मुखोद्गत असणाऱ्यांनी ती पुन्हा बांधली, असे परंपरा सांगते. या पुनर्बांधणीत भेद आले. पंथाने ते पुसले नाहीत; हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास अशा नावांनिशी शेजारी-शेजारी ठेवले. अशा भेदाला पंथात ‘वासना’ म्हणतात. शब्द विलक्षण नेमका आहे. पाठभेद नकलकाराच्या हातून होतो. वासना म्हणजे मनावर राहिलेला ठसा, आणि तो कुणाचा तरी असतो. हिराइसेची आठवण हिराइसेचीच राहते, तरी पोथी सगळ्यांची होते. व्यक्ती आणि समूह यांचा असा मेळ घालणारा दुसरा मराठी ग्रंथ मला आठवत नाही.

ही ओळख भाषेतही उतरली. शिष्य संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. साध्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील ही त्यांची चिंता ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. जमिनीवरही ती उतरली : स्वामी जिथे बसले, तिथल्या ओट्यांपुढे आजही माथा टेकतात आणि त्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’त असते.

पुढे पंथ सकळ लिपीआड गेला. विसाव्या शतकात पोथ्या अभ्यासकांच्या हाती आल्या आणि ताण सुरू झाला. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ साली निघाली, तेव्हा काही लीळांवर पंथातून तीव्र हरकत घेतली गेली. श्रद्धावंताला दैवताची विटंबना सोसवत नाही, हे समजण्याजोगे आहे. कोलत्यांसारख्या व्यासंगी माणसाची निष्ठाही निर्विवाद. पण श्रद्धेला निर्मळ पाठ हवा आणि पाठचिकित्सेला मूळ पाठ. दोघांनाही हवा एकच. पोथी मात्र अनेकांच्या साक्षीवर उभी आहे. (‘ऋद्धिपूरचरित्रा’तले गोविंदप्रभू कुणाच्याही घरी जाऊन जेवतात. गावाला न पटलेले हे वागणे म्हाइंभटांनी लपवले नाही, हेही ध्यानात घ्यावे.)

२०२४ साली रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याने पहिल्या काही वर्षांत एक आवृत्ती हाती घ्यावी : वासना तळटिपेत न ढकलता, आठवणाऱ्याच्या नावासह, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेली. पंथातले जाणते आणि बाहेरचे अभ्यासक यांना त्यासाठी एकाच ओट्यावर बसावे लागेल.