तळीराम आणि कासव

घरातलं पोर गांजा ओढतंय किंवा चोरून पितंय असं कळलं की मराठी आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोणाच्या नादी लागलास?’ तुम्ही स्प्रिंगफील्ड लेक्सला वाढला असाल, तरी हे वाक्य मराठीतच कानावर पडलं असेल. बाकीचं भांडण इंग्रजीत झालं तरी.

नादी लावणाऱ्याला आपल्याकडे नावसुद्धा आहे, तळीराम. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधलं हे पात्र भाषेत इतकं मुरलं की पेपरवाले आजही दारुड्यांना सरसकट तळीराम म्हणतात. गडकरी गेले आणि महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, हे नाटक रंगभूमीवर आलं. आपण ते दारूच्या दुष्परिणामांचं नाटक म्हणून लक्षात ठेवलं. सुधाकर पितो, सिंधू सोसते, घर धुळीला मिळतं. पण पहिल्या प्याल्याच्या आधी काय होतं ते वाचा जरा. सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ जाते, आणि तो आतून ढासळतो. तळीराम त्याला चैन देत नाही, विसर देतो. दुखणं आधी, प्याला नंतर. गडकऱ्यांनी दोन्ही एकाच माणसात दाखवलं होतं, आपण त्यातला फक्त प्याला उचलला.

दुसऱ्या टोकाला ‘कासव’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण जानकीला सापडतो. ती त्याला कोकणातल्या घरी आणते आणि खोदून काही विचारत नाही. तिने स्वतः नैराश्य सोसलेलं आहे. आलोक राजवाडेचा तो मिटलेला, चिडका मुलगा आणि इरावती हर्षेची शांत जानकी मला आजही मराठीतली अशा आजाराची सर्वात खरी जोडी वाटते.

तरी एक तक्रार आहेच. जानकी त्याची आई नाही. तिच्याकडे वेळ आहे, समुद्र आहे, हाताशी माणसं आहेत. सकाळी ब्रिस्बेनची ट्रेन धरणाऱ्या, घराचे हप्ते भरणाऱ्या आईने न विचारता थांबायचं कसं? आणि मुलाच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली तर? नशेचा प्रश्न या चित्रपटाच्या केंद्रात नाही, त्यामुळे तिथे तो आपल्याला मदत करत नाही.

म्हणजे दारू-गांजा असेल तर तळीराम, उदासी असेल तर कासव, असे दोन कप्पे आपल्याकडे तयार आहेत. पोर मात्र एकच असतं. झोप लागत नाही म्हणून ओढतं, ओढल्यावर दुसऱ्या दिवशी आणखी घाबरं होतं. आईबाबा सोमवारी कुरवाळतात, मंगळवारी फोन जप्त करून मित्रांची नावं काढायला बसतात. दोन्ही वेळा प्रेमच असतं हो, पण मुलाला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

पुण्यात हे कप्पे मोडायचं काम १९८६ पासून चालू आहे. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. तिथे दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. ‘बेवडा’ आणि ‘रुग्णमित्र’ यांत किती अंतर आहे, ते एकदा दोन्ही शब्द मोठ्याने उच्चारून बघा.

तुमच्या जवळ इप्सविचला हेडस्पेस आहे, १२ ते २५ वयाच्या मुलांसाठी. मन आणि नशा दोन्हींबद्दल तिथे एकाच छताखाली बोलता येतं. आईबाबांसाठी फॅमिली ड्रग सपोर्ट आहे. १९९७ मध्ये हेरॉइनने मुलगा गेल्यावर टोनी ट्रिमिंगहॅम यांनी ती उभी केली, आणि तिथे फोनवर ऐकणाऱ्यांत असं घर स्वतः पाहिलेली माणसं असतात.

अशा ठिकाणी दुभाषी तुम्हीच होता, ताई म्हणून नाहीतर दादा म्हणून. (खरं तर अधिकृत दुभाषी मागावा, भावंडावर हे ओझं नको. पण आपल्याकडे ते पडतंच.) समुपदेशक इंग्रजीत साधं विचारेल, किती दिवस घेतोय. बाबांना ते मराठीत सांगताना तुमच्या तोंडी ‘कधीपासून नादी लागलाय’ येईल, की ‘कधीपासून त्रास होतोय’? भाऊ शेजारी बसलेला असेल. तेवढं मराठी त्याला कळतं.