भंगारातून उभा राहिलेला आकार : पिलू पोचखानवाला यांची शिल्पकला

महाराष्ट्रात शिल्प म्हटले की पुतळा आठवतो, आणि पुतळा म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘कुणाचा?’ चौथरा, हार, जयंती आणि अधूनमधून तणाव एवढ्यातच आपली शिल्पाची ओळख संपते. मुसलमान वाचकाची अडचण आणखी वेगळी. मूर्तीविषयीचा संकोच त्याच्या घरातच असतो. तो संकोच श्रद्धेचा आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्यामुळे शिल्पकला हा विषयच ‘आपला नाही’ असे ठरवून आपण मोकळे होतो. हे ठरवणे घाईचे आहे, असे आम्हांला वाटते. त्यासाठी मुंबईच्या पिलू पोचखानवाला यांचे काम समोर ठेवावेसे वाटते.

पिलूबाईंचा जन्म १९२३चा, मुंबईच्या पारशी समाजातला. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी जाहिरातीच्या क्षेत्रात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९५१ साली त्या युरोपात गेल्या, तिथली शिल्पे पाहिली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी हा रस्ता धरला. परत आल्यावर नारायण गणेश पानसरे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. आधुनिक भारतीय शिल्पकलेतल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. १९८६ साली त्या वारल्या.

ज्या काळात त्या उभ्या राहिल्या, त्या काळात शिल्पकाराचे काम म्हणजे अंगमेहनतीचे काम, म्हणून पुरुषाचे काम, असाच समज होता. दगड फोडणे, लाकूड तासणे, धातू ओतणे हे बाईने का करावे? युरोपातही ही वाट सोपी नव्हती. फ्रान्सच्या कामीय क्लोदेल या थोर शिल्पकार स्त्रीची आयुष्याची शेवटची तीस वर्षे वेड्यांच्या इस्पितळात गेली. पिलूबाईंच्या वाट्याला असे काही आले नाही. शहर, भाषा, प्रवास, ओळखी हे सारे त्यांच्या बाजूने होते, हे मान्य केले पाहिजे. पण सोयी अनेकींकडे होत्या. हातात छिन्नी आणि पुढे वेल्डिंगची ज्योत त्यांनी घेतली.

त्यांच्या कामाचा प्रवास सांगायचा तर तो देहाकडून आकाराकडे झाला. आरंभी मनुष्याकृती दिसते, पण तीही नाकीडोळी रेखलेली नाही. वजन, वळण आणि बाक एवढ्यांतून सुचवलेली. इंग्लंडच्या हेन्री मूर यांच्या कामाची छाया तिथे जाणवते. पुढे माध्यमे बदलत गेली. लाकूड, दगड, सिमेंट, शिसे, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद आणि शेवटी कारखान्यांतून टाकून दिलेले लोखंड. हे तुकडे जोडून त्यांनी जे उभे केले, त्याला चेहरा नाही. तिथे ‘कुणाचा?’ हा प्रश्नच लागू पडत नाही. पाहणाऱ्याला विचारावे लागते : हे वजन कशावर तोललेले आहे? दोन पत्र्यांच्या मधली मोकळी जागा रिकामी आहे की तीही शिल्पाचाच भाग आहे?

असा प्रश्न आपल्याला नवा वाटू नये. बीबी का मकबऱ्याची संगमरवरी जाळी पाहताना ‘हे चित्र कशाचे?’ असे कोणी विचारत नाही. दगडाइतकेच त्यातल्या छिद्रांनाही आपण दाद देतो. मशिदीच्या कमानीवरचे सुलेखन ज्याला वाचता येत नाही, तोही त्याच्या वळणापाशी थबकतो. निव्वळ आकाराचा आनंद आपल्या परंपरेने शतकानुशतके जोपासला आहे. जाळीची तालीम झालेली नजर पिलूबाईंच्या पोलादासमोर परकी ठरू नये.

तरीही या कामाविषयी आमचा एक आक्षेप आहे. पिलूबाईंचे गुरू पानसरे यांची शिल्पे मुंबईतल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर आहेत. त्यांत कष्टकरी माणसे दिसतात. शिष्येच्या कामात कारखान्याचे लोखंड आले, पण कामगार गेला. ज्या हाताने ते यंत्र चालवले, त्याची खूण उरली नाही. आकार कमावताना माणूस निसटला, असे आम्हांला वाटते. याला कोणी म्हणेल की गोष्ट सांगायचे नाकारणे हाच तर त्यांचा निर्धार होता. ते खरे, पण त्या निर्धाराची किंमतही मोजली गेली. हाजी अलीच्या चौकात त्यांचे ‘स्पार्क’ हे शिल्प उभे होते. मराठवाड्यातून मुंबईला गेलेला मुसलमान हाजी अलीला जातोच. त्या वाटेवरच्या किती जणांना ते लोखंड कोणा बाईने घडवले, हे ठाऊक होते? पुढे ते तिथून हलवण्यात आले. पुतळा हलवला तर शहर पेटते. चेहरा नसलेले शिल्प हलवले तर कोणाला कळतही नाही.

पिलूबाई स्वतःच्या कामापुरत्या जगल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. कावसजी जहांगीर हॉलचे कलादालन व्हावे म्हणून केकू गांधी यांच्यासारख्या कलाप्रेमींबरोबर त्यांनी खटपट केली. १९९६ साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

आता आमच्या परतूरकडे येऊ. शेजारच्या जालन्यात भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करणारे कारखाने आहेत. गावोगाव भंगार गोळा करणाऱ्यांत, वेल्डिंगच्या दुकानांत, गॅरेजांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. कोणता पत्रा वाकेल, कोणता तुटेल, सांधा कुठे धरेल, हे आपल्या पोरांना पुस्तकाशिवाय कळते. हुनर आहे, त्या हुनराला कला म्हणणारी नजर नाही. बिदरीच्या भांड्यावर चांदी जडवणारा कारागीर असाच बिननावाचा राहिला. नाव उरले ते शहराचे.

आणि मुलींचे काय? उर्दू शाळांत मेंदी आणि भरतकाम यांपलीकडे मुलीच्या हाताला आपण काय देतो? एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना तिला बसवले, तरी पुढची वाट कोणी दाखवत नाही. माती, तार, पत्रा तिच्या हाती दिला तर ‘मूर्ती करू नको’ ही ताकीद आधी येते, ‘आकार करून बघ’ हे वाक्य येतच नाही. पिलूबाईंचे काम आम्हांला मोलाचे वाटते ते या जागी. ताकीद पाळूनही करण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्या पोलादात दिसते.

पिलूबाईंविषयी जे लिहिले गेले, ते मुख्यतः इंग्रजीत. मराठीत थोडे, उर्दूत त्याहून थोडे. ते वाढले पाहिजे. तोवर एवढे तरी करता येईल : शाळेची सहल मुंबईला नेताना राणीचा बाग आणि समुद्र यांच्या जोडीला कलादालनाचा एक तास ठेवावा, आणि तिथे मुलींना ‘हे कुणाचे?’ असे न विचारता ‘हे कशावर उभे आहे?’ असे विचारावे.