रक्तातील निदर्शके आणि मराठी परिभाषा

वैद्यकीय परिभाषेची खरी परीक्षा कोशात होत नाही; ती रक्ततपासणीचा अहवाल हाती आलेल्या रुग्णाच्या घरी होते. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू ह्या चार भाषा एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात ही परीक्षा अधिकच कठीण होय. येथे इंग्रजी अहवालाचा मराठीत सांगितलेला आशय अनेक घरांत पुन्हा घरच्या भाषेत उतरतो. मधला मराठी शब्द सदोष असेल, तर तो दोषही त्याबरोबर उतरतो.

प्रथम रोगाचे नाव घ्यावे. १९०४ साली मार्शां ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 'अथेरोस्क्लेरोसिस' हा शब्द घडविला. त्यातील ग्रीक 'अथेरे' म्हणजे पेज, आंबिलीसारखा दाट पदार्थ. 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण. मराठीत रूढ झालेले 'रोहिणीकाठिण्य' वा 'धमनीकाठिण्य' हे शब्द वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील 'आर्टेरिओस्क्लेरोसिस' ह्या जुन्या संज्ञेचे भाषांतर होत. मार्शांने मुद्दाम जोडलेली पेज त्यांतून गळाली. ही चूक केवळ शाब्दिक नव्हे. मेदाचा हा विलेप नळीत गाळ साचावा तसा पोकळीत साचत नसून रोहिणीच्या भित्तीत, आतल्या अस्तराखाली वाढतो. ज्या विलेपाचा गाभा मऊ आणि वरचे आवरण पातळ, तोच फुटून रक्ताची गुठळी होण्याचे भय अधिक असते. 'काठिण्य' हा शब्द लक्ष नेमके ह्या मऊ भागावरून दूर नेतो; 'ब्लॉकेज' हा बोलीतला शब्द तर नळी चोंदेपर्यंत निर्धास्त राहण्यास शिकवितो.

ह्याउलट 'तीन महिन्यांची साखर' ही लोकांनीच रूढ केलेली संज्ञा मार्मिक आहे. 'ग्लायकेटेड हिमोग्लोबिन' ह्या उच्चारण्यास अवघड नावात नसलेला काळाचा निर्देश तिच्यात आहे. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तेवढ्या अवधीत रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटत राहते. मात्र ही तीन महिन्यांची सरळ सरासरी नव्हे. आकड्याचा जवळजवळ निम्मा भाग शेवटच्या महिन्याचा असतो. शिवाय मोजली जाते ती साखर नव्हे, साखरेची खूण. म्हणून लोहाच्या कमतरतेने आकडा वाढू शकतो, आणि तांबड्या पेशी अकाली नष्ट होत असल्यास तो फसवा कमी दिसतो.

'निदर्शक' ह्या शब्दाची कसोटी पुण्यात लागली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक आढळले. अधिक होमोसिस्टीन आणि हृदयविकार ह्यांचा संबंध अनेक ठिकाणी दिसला होता. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या परदेशांतील मोठ्या चाचण्यांत ब-जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरविले, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ब-१२ची उणीव भरून काढणे अन्य कारणांसाठी आवश्यकच आहे. पण जे दाखविते ते घडवितेच असे नाही. एल.डी.एल. कोलेस्टेरॉलची गोष्ट निराळी. ते विलेपाचे कारणच आहे, आणि त्याचा परिणाम पातळी व वर्षे ह्यांच्या गुणाकाराने वाढतो. लायपोप्रोटीन-ए बहुतांशी आनुवंशिक असल्याने प्रौढपणी एकदा मोजले तरी बहुधा पुरते. तीन महिन्यांची खूण, अनेक वर्षांची साठवण आणि जन्मजात देणगी ह्या तिन्हींना 'दीर्घकालीन निदर्शक' हे एकच नाव देणे म्हणजे तीन काळ एकाच क्रियारूपाने सांगणे होय.

ह्या गोंधळातच 'नॉर्मल' हा शब्द शिरतो. तो आजची अवस्था सांगतो; रोग मात्र साठत जाणारा आहे. म्हणून नावात 'विलेप' यावा, निदर्शकापुढे त्याचा काळ लिहावा, आणि 'धोका' ह्या शब्दाऐवजी 'जोखीम' हा शब्द योजावा. धोका अचानक ओढवतो. जोखीम सांभाळावी लागते. चाळिशीच्या माणसाला 'नॉर्मल' एवढेच सांगून घरी पाठविणाऱ्या भाषेने त्याच्या मागील वीस वर्षांविषयी काहीच सांगितलेले नसते.