परार्धापर्यंत डावीकडे, उजवीकडे शून्य

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे (1150) कौतुक करताना ‘दशांश अपूर्णांक तिथेच आहेत’ असे वर्गात सहज सांगितले जाते. ग्रंथ तसे म्हणत नाही. त्यात एक, दश, शत करत परार्धापर्यंत 18 स्थाने आहेत, पण सगळी एककापासून डावीकडे. उजवीकडे एकही नाही. अपूर्णांक अंशाखाली छेद असाच मांडलेला. मधली रेघसुद्धा नाही!

कारण ग्रंथातल्याच कोष्टकात सापडते. 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. असा व्यवहार असताना दशांशाने सोय ती काय होणार? दमास्कसच्या अल्-उक्लिदिसीने 952 च्या सुमारास भारतीय अंकांवरच लिहिलेल्या ग्रंथात दशांश अपूर्णांक वापरले. युरोपात ते रुजवले स्टेविनने, 1585 मध्ये. नाणी-मापेही दहाच्या पटीत करा, असे त्याने तेव्हाच सुचवले. आपला 16 आण्यांचा रुपया 100 पैशांचा झाला तो 1 एप्रिल 1957 ला.

लिंबागणेशच्या बाजारात बोली अजून पाव, सव्वा, दीड, अडीचचीच आहे. मुलांना 2.5 अवघड जाते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे.