आरोग्यसंस्थांतील परिवर्तन आणि ‘नेतृत्वा’ची परिभाषा

१

आरोग्यसंस्थांमध्ये परिवर्तन कसे घडून येते, ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा ‘नेतृत्व’ ह्या एका शब्दाच्या आश्रयाने केला जातो. व्यवस्थापन, लोकप्रशासन आणि समाजकार्य ह्या तिन्ही विषयांवरील मराठी लेखनात हा शब्द निःशंकपणे वापरलेला आढळतो. एखादा शब्द असा निःशंकपणे वापरला जाऊ लागला, की त्याच्या पोटात काय दडले आहे ते तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम ठरते. ‘नेतृत्व’ ह्याच्या मुळाशी ‘नी’ हा सकर्मक धातू आहे. नेणारा म्हटला, की नेला जाणाराही आलाच. कर्ता कोण आणि कर्म कोण, ही वाटणी शब्दातच आधी होऊन गेलेली असते. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र परिवर्तन झाले की नाही याची खरी कसोटी ही, की काल जो केवळ कर्म होता तो आज कर्ता झाला काय? पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व जामखेड ही दोन उदाहरणे, आणि त्यानंतर शासनाने स्वीकारलेली परिभाषा, ही प्रस्तुत लेखात ह्या कसोटीवर पाहावयाची आहेत.

२

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी ही काही आरोग्यसंस्था नव्हे. तथापि पाणी, मद्यपान आणि कुटुंबनियोजन हे प्रश्न आरोग्याच्या मुळाशीच आहेत, आणि १९७५ नंतर ह्या गावात जो बदल झाला तो ‘नेतृत्वा’चा आदर्श म्हणून सतत सांगितला जातो. त्या बदलाची पंचसूत्री सर्वश्रुत आहे : नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. पाचांपैकी चार शब्दांचे उत्तरपद ‘बंदी’ हे आहे, ही गोष्ट सहज दुर्लक्षिण्याजोगी नाही. ‘बंदी’ हे असे क्रियावाचक नाम आहे, की त्यात बंद काय करावयाचे ते स्पष्ट असते, पण बंद कोण करतो ते झाकलेले राहते. ‘नसबंदी’ ह्या शब्दातील ‘बंदी’चा अर्थ वस्तुतः निराळा आहे, तेथे निषेध नसून बांधण्याची क्रिया अभिप्रेत आहे. परंतु अन्य तीन ‘बंदीं’च्या पंक्तीत बसल्यावर तोही शब्द मनाईचा सूर धारण करतो. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते (ते पुढे कायद्यात उतरले नाही), हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना हा सूर अनोळखी वाटणार नाही.

ह्यावरून राळेगणचे यश खोटे, असे म्हणावयाचे नाही. पाणलोटाच्या कामाने त्या दुष्काळी गावाची स्थिती पालटली, हे निर्विवाद आहे. आणि ‘श्रमदान’ ह्या पाचव्या शब्दात ग्रामस्थ स्वतः कर्ता आहेच. म्हणणे इतकेच, की राळेगणविषयीच्या लेखनाने चार शब्दांतील झाकलेला कर्ता एका व्यक्तीच्या नावाने भरून काढला आणि पाचव्या शब्दातील अनेक कर्ते पार्श्वभूमीला ढकलले. दोष गावाचा नव्हे, वर्णनाच्या परिभाषेचा आहे.

३

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेड येथे, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. येथील परिवर्तनाचा आरंभ अपयशातून झाला, ही त्यातील सर्वांत बोधप्रद गोष्ट होय. प्रशिक्षित परिचारिका-सुईणी खेड्यांत नेमून पाहिल्या. पण बाहेरून आलेल्या ह्या स्त्रिया गावात रुजल्या नाहीत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला प्रकल्पाने शिकवावे, असा मार्ग काढण्यात आला. निवडलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती आणि अनेकजणी दलित समाजातील होत्या. त्यांना आठवड्यातून ठरावीक दिवस जामखेडला बोलावून शिकविले जाई. प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दरहजारी १७६ होते. ते १९९६ पर्यंत २६ वर आले.

ह्या बदलाचे मर्म केवळ औषधे खेड्यात पोहोचली यात नाही. रोगाला नाव देण्याचा, कारण सांगण्याचा आणि उपाय ठरविण्याचा अधिकार काही अंशी डॉक्टरकडून त्या स्त्रीकडे आला, यात ते आहे. संस्थाचालकाने आपली सत्ता जाणूनबुजून कमी करून घ्यावी, हेच येथे नेतृत्वाचे कार्य ठरले. आणि तरीही १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला जो मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ‘सामाजिक नेतृत्व’ ह्या विभागातला होता! गौरव योग्यच, पण परिभाषा पुन्हा जुनीच.

आरोळे दांपत्याने आपला अनुभव १९९४ मध्ये ‘जामखेड’ ह्या इंग्रजी ग्रंथात मांडला. त्यात ग्रामीण कार्यकर्त्या स्त्रियांच्या कथनांना मानाचे स्थान आहे, हा त्या ग्रंथाचा विशेष गुण. भाषाभ्यासकाला मात्र त्यात एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. ह्या स्त्रिया मराठीत बोलल्या आणि त्यांचे बोलणे जगापुढे गेले ते इंग्रजीत. जामखेडच्या एका कार्यकर्तीने १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत सभागृहातील झगमगत्या दिव्यांशी साध्या दिव्याची तुलना केली. एका साध्या दिव्याने दुसरा दिवा लावता येतो, तसे त्या महागड्या दिव्यांचे होत नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. इंग्रजीत त्या साध्या दिव्यासाठी एक शब्द पुरतो. मराठीत पणती, चिमणी, निरांजन, कंदील असे भेद आहेत, आणि प्रत्येकामागे निराळे घर, निराळी ऐपत व निराळा प्रसंग उभा आहे. अनुवादात विचार टिकला. बोलणारीची जागा मात्र पुसट झाली. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील स्त्रियांच्या आरोग्यावरील आपल्या मराठी पुस्तकाला ‘कानोसा’ हे नाव दिले, त्याचे मोल ह्या संदर्भात कळते. तो शब्द ऐकणाऱ्याची क्रिया सांगतो, नेणाऱ्याची नव्हे.

४

शासनाने ह्या प्रयोगांतून काय उचलले? २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने गावोगाव आरोग्य-कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि दरमहा ५० रुपये, असे तिचे स्वरूप होते. आरंभी निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. योजनेची नावे लक्षपूर्वक वाचावीत : प्रथम ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’, १९८० मध्ये ‘व्हॉलंटिअर’, १९८१ मध्ये ‘गाइड’. कामकरी, मग स्वयंसेवक, मग मार्गदर्शक. पदवी चढत गेली आणि श्रमाचा हक्क उतरत गेला. कारण कामकऱ्याला वेतन मागता येते, स्वयंसेवकाला येत नाही.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही याच परंपरेची वारस होय. येथे कार्यकर्ती स्त्रीच असावी हा जामखेडचा धडा घेतला गेला. परंतु मराठी शासकीय भाषेत ती ‘स्वयंसेविका’ आणि तिला मिळते ते ‘मानधन’ वा ‘मोबदला’, ‘वेतन’ नव्हे. योजनांवर राबणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. कोरोनाच्या साथीत राबलेल्या महाराष्ट्रातील आशांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला, तो ‘जागतिक आरोग्य-नेते’ म्हणून. जगाच्या परिभाषेत नेता आणि घरच्या परिभाषेत स्वयंसेविका, असे द्वैत एकाच स्त्रीच्या वाट्याला आले. गावाने तिला ‘आशाताई’ म्हटले, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक नामकरण. पण नात्याच्या शब्दाने आदर मिळतो, पगार मिळत नाही.

५

ह्या विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. आरोग्यसंस्थेत परिवर्तन झाल्याचा दावा कोणी केला, तर त्या संस्थेच्या अहवालातील क्रियापदांचे कर्ते मोजून पाहावेत. ‘लाभार्थी’, ‘लक्ष्यगट’, ‘स्वयंसेविका’ असे शब्द जेथे दाटले आहेत, तेथे परिवर्तनाच्या दाव्याकडे सावधपणे पाहणे इष्ट. दुसरा निष्कर्ष आपल्या विभागाशी संबंधित आहे. जामखेडच्या पहिल्या पिढीतील स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. रोग, गर्भ, ताप, अशक्तपणा यांसाठी त्यांनी घडविलेली बोली, त्यांच्या तोंडची, त्यांच्याच क्रमाने टिपून ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज साध्य होणारे काम आहे. अशी पाच-पन्नास कथने मराठीत शब्दशः उपलब्ध झाली, तर ‘नेतृत्व’ ह्या शब्दाऐवजी कोणता शब्द योग्य, ह्याचे उत्तर बहुधा त्यांतच सापडेल.