शाळेतील गाणे आणि मुलांचा कान

शाळेत संगीत असावे की नसावे, असा वाद आता कोणी घालीत नाही. व्यासपीठावर उभे राहिले की सगळेच संगीताच्या बाजूचे असतात. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे सांगितले. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासाचे विषय आणि अभ्यासाबाहेरचे विषय यांच्यामधली भिंतच पाडावी असे म्हटले. इतकी एकवाक्यता झाली म्हणजे टीकाकाराने सावध व्हावे. ज्या गोष्टीला कोणाचा विरोध नाही, तिच्याकडे बहुधा कोणाचे लक्षही नसते.

चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्रीसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला गाण्याचा तुटवडा कधी भासत नाही. कार्तिकात काकड आरती आहे, सांजवेळी हरिपाठ आहे, एकादशीला भजन आहे. शेगावची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते, ती टाळमृदंगाच्या गजरातच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून घुमली आणि तिचा नाद अजून सामुदायिक प्रार्थनेत ऐकू येतो. शिवाय भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत हिंडतात आणि शेवटी खाऊ ओळखण्याचा खेळ रंगतो. अशा गावातले मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा त्याची पाटी कोरी असते. कान कोरा नसतो.

त्या कानाचे शाळा काय करते, हा खरा प्रश्न आहे. सकाळच्या परिपाठाला प्रार्थना होते. पुष्कळ ठिकाणी ती आता मोबाइलला कर्णा जोडून वाजवली जाते आणि मुले नुसते ओठ हलवतात. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले. शब्द विदर्भाच्या राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. यापेक्षा चांगला पाठ शाळेला कोणता मिळणार होता? पण ऐकण्यापूर्वीच ते ‘लावून’ टाकण्याची गोष्ट होऊन बसते. स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित सिनेगीतावर नाच होतो. गाणारे कोणीच नसते. पाहुणे आले की स्वागतगीत हवे, म्हणून चार गळे निवडले जातात आणि उरलेल्या मुलांना ‘तुम्ही गप्प बसा’ असे सांगितले जाते. हे शेवटचे वाक्य फार घातक आहे. गणितात कच्च्या मुलाला ‘तू आकडे मोजू नकोस’ असे कोणी म्हणत नाही. गाण्यात मात्र आपण ते सर्रास म्हणतो, आणि ते मूल पुढे जन्मभर ‘मला गाता येत नाही’ असे अभिमानाने सांगत फिरते.

ज्यांनी गाणे शाळेत आणले त्यांच्या मनात हे खचित नव्हते. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. पुढे ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, ते कोणा राजाच्या खजिन्यावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर. कुरुंदवाडचा हा मुलगा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, पुस्तकी शिक्षण खुंटले, म्हणून वडिलांनी त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. ज्याची शाळा फटाक्याने हिरावली, त्यानेच पुढे गाण्याला शाळा मिळवून दिली. ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके त्यांनी मुलांसाठी लिहिली. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. घराण्यांच्या कुलुपांत बंद असलेल्या चिजा गोळा करून, त्यांना स्वरलिपी देऊन त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग मराठीत सिद्ध केले आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभारले. या दोघांचे उपकार कसे फिटावेत? गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवाय ज्याला गाणे मिळत नसे, त्याला ते वहीपुस्तकासकट वर्गात मिळू लागले. चांगल्या घरच्या मुलींनी गाऊ नये, हा समजही हळूहळू गळून पडला.

मात्र वारसा घेताना आपण काय उचलले आणि काय टाकले, हे तपासले पाहिजे. आपण परीक्षा उचलली. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्यांची शिडी झाली, प्रमाणपत्रे भिंतीवर चढली. गेल्या काही वर्षांत शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांना शालान्त परीक्षेत वाढीव गुणही मिळू लागले. गुण मिळण्याला माझी हरकत नाही. चित्रकलेला मिळतात, तर गाण्याला का नकोत? पण ज्या घरी पेटी घेण्याची ऐपत आहे, ज्या शहरात क्लास आहे, त्याच घरच्या मुलाला हे गुण मिळणार. भुलाबाईच्या गाण्यात बिनचूक सूर लावणाऱ्या मुलीच्या गुणपत्रकात त्यासाठी रकाना नाही. शाळेने तिला शिकवले नाही आणि तिला जे येते ते शाळेने मोजलेही नाही, असा हा दुहेरी न्याय आहे.

याच्या उलट वाट एका दूरच्या देशात सापडते. हंगेरीत झोल्तान कोदाय आणि बेला बार्टोक या दोन संगीतकारांनी १९०५-०६ च्या सुमारास खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी गोळा केली. कोदायचे म्हणणे असे की, मूल जसे मातृभाषेतून वाचायला शिकते, तसे गाणेही त्याने आपल्या लोकगीतांतून शिकावे. आणि वाद्याच्या आधी गळा यावा, कारण गळा गरिबाजवळही असतो. दोन-तीन स्वरांच्या लहानशा गाण्यांपासून सुरुवात करून ती मुले पुढे कागदावरचे स्वर पाहून गाऊ लागत. १९५० साली केचकेमेत या त्याच्या जन्मगावी रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर तिथे पुष्कळ शाळा निघाल्या. आता भुलाबाईची गाणी आठवून पाहा. थोडेसे स्वर, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, टिपरीचा ठेका, एका कडव्यातून दुसरे कडवे वाढत जाण्याची रीत. कोदायला जे हिंडून शोधावे लागले, ते आपल्या अंगणात दरवर्षी महिनाभर नांदते. आणि त्या महिन्यात आपली शाळा घटक चाचणीच्या तयारीत असते.

कोणी म्हणेल, दोन शिक्षकांच्या शाळेत संगीतशिक्षक कुठून आणायचा? नेमला तर उत्तमच, ती मागणी सोडू नये. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. माझ्या मते शाळेतले गाणे बिघडते ते ज्ञान नसल्याने जितके, त्याहून अधिक साध्या हयगयीने. गुरुजी आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात, काळी एक किंवा त्याच्याही खाली. मुलांचा आवाज काळी चार-पाचच्या आसपास मोकळा होतो. खालच्या पट्टीत ती बिचारी पुटपुटतात, मग गुरुजी ‘मोठ्याने’ म्हणून ओरडतात आणि गाण्याचा आरडाओरडा होतो. पट्टी वर न्या, पेटी हळू वाजवा, आधी गाणे दोनदा नीट ऐकू द्या आणि मग म्हणायला सांगा. एवढ्याने निम्मे काम होते. दादऱ्याच्या सहा आणि केरव्याच्या आठ मात्रा टाळीवर धरायला तबला लागत नाही. गावातल्या भजनी मंडळातला पखवाजवाला आठवड्यातून एकदा बोलावला, तर तो मानधनही मागणार नाही. उलट मान दिला म्हणून खूश होईल. भुलाबाईची गाणी सांगायला मुलींच्या आज्या आहेत. त्यांना शाळेत खुर्ची देऊन बसवा. आज त्यांच्याकडे वही घेऊन कोणी गेले नाही, तर उद्या ती गाणी विचारायला माणूस उरणार नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो मोलाचा. संगीताने स्मरणशक्ती वाढते, गणित सुधारते, अशी वकिली हल्ली फार ऐकू येते. ती खरी असेल तर आनंदच आहे. पण गाण्याला गणिताच्या दारात उमेदवारी करायला लावणे मला प्रशस्त वाटत नाही. उद्या गणित सुधारण्याचा दुसरा स्वस्त उपाय निघाला, तर गाणे काढून टाकणार काय? गाण्याचे मोल गाण्यातच आहे. चाळीस मुले एका सुरात गाऊ लागतात, तेव्हा प्रत्येकाला आपला आवाज थोडा आवरावा लागतो आणि शेजारच्याचा ऐकावा लागतो. जो पुढे धावतो त्याला थांबावे लागते, जो मागे राहतो त्याला सांभाळून घ्यावे लागते. पाटलाचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा यांचा ‘सा’ एकच असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा पुष्कळदा छापला आहे. तो अंगी मुरतो तो मात्र असा. सगळेच तानसेन होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत. पण कानसेन होण्याचा हक्क प्रत्येक मुलाचा आहे, आणि तो हक्क देणारी जागा खेड्यात तरी शाळेवाचून दुसरी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आहेत. पाहुण्यांपुढे त्यांना गुणपत्रक दाखवायला लावण्यापेक्षा आजीजवळ बसवून तिचे एखादे गाणे शिकायला लावा. सुट्टी संपली की वर्गात जाऊन त्यांनी ते आपल्या शिक्षकांना शिकवावे. शिक्षकांनीही ते शिकून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.