प्लेट दाखवा!

पेन्सिलीची सही आणि छापलेली सही ओळखायला भिंग लागत नाही. कागद तिरक्या उजेडात धरला की पेन्सिलीचे शिसे चमकते; छापलेली सही मख्ख राहते. मीरा रोडच्या एका नव्या टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात टांगलेले चित्र मी परवा असेच पाहिले. खाली ४७/५०० (पाचशेपैकी सत्तेचाळिसावी प्रत) हा आकडा, शेजारी एका दिवंगत चित्रकाराची सही, मागे चिकटवलेले ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ आणि त्यावर क्यूआर कोड. सही छापलेली होती. आकडाही छापलेला होता. चित्रकार जाऊन कैक वर्षे झाली; आवृत्ती मात्र अलीकडची. मग ते पाचशे मोजले कोणी?

‘लिमिटेड एडिशन’ या नावाखाली हल्ली जे विकले जाते, त्यातले बरेचसे या जातीचे आहे. मूळ रंगचित्राचा झकास फोटो काढायचा, तो इंकजेटने कापसाच्या कागदावर उतरवायचा, त्याला ‘जिक्ले’ म्हणायचे आणि पाचशेवर थांबायचे. थांबायचे म्हणजे या कागदापुरते. तेच चित्र कॅनव्हासवर आणखी अडीचशे, लहान आकारात हजार, शिवाय ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ म्हणून वरचे पन्नास. आर्टिस्ट हयात नसताना प्रूफ तपासले कोणी, हे विचारायचे नसते.

मुद्राचित्रात, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून वा ठोकळ्यावरून हाताने काढलेल्या छापात, मर्यादा येते ती धातूतून आणि हातातून. ड्रायपॉइंटची सुई तांब्यावर ओढली की रेघेच्या कडेला बारीक कंगोरा उठतो. शाई त्यात अडकते आणि रेघ मखमली उमटते. प्रेसमधून काही डझन प्रती गेल्या की तो कंगोरा चेपतो आणि चित्र फिके पडू लागते. एचिंगची, म्हणजे आम्लाने कोरलेली, प्लेट जास्त टिकते, पोलादाचा मुलामा दिला तर आणखी टिकते. पण दर प्रतीला शाई भरणे, प्लेट पुसणे आणि भिजवलेला कागद तिच्यावर बसवून प्रेस फिरवणे सुटत नाही. म्हणून तीस प्रती, फार तर पन्नास. काम संपले की चित्रकार प्लेटवर ओरखडा मारून ती रद्द करतो आणि त्या रद्द प्लेटचीही एक प्रत काढून ठेवतो. तिथला आकडा कमावलेला असतो.

आपल्याकडच्या मुद्राचित्रणाचा जो प्रवाह मला मोठा वाटतो, तो प्लेटशी झगडणाऱ्यांचा आहे. कृष्ण रेड्डी मुळात शिल्पकार. पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर यांच्या ‘आतलिए १७’मध्ये त्यांनी प्लेट उथळ शिल्पासारखी कोरली आणि शाईच्या पातळ-घट्टपणाचा खेळ मांडला. मऊ रोलर खोल खळग्यात उतरतो, कडक रोलर वरवर फिरतो, पातळ शाई घट्ट शाईला दूर सारते; आणि एकाच प्लेटवरून सगळे रंग एकाच दाबात कागदावर येतात. त्यांची ‘वेव्ह’ मी आमच्या पालीच्या किनाऱ्यावर रोज लाटा पाहणारा माणूस म्हणून पाहतो. पाण्याचा तो ताण ब्रशने आला नसता, तो धातूतूनच आला आहे. या चित्राचे ‘मूळ’ कुठे आहे, असे विचारले तर उत्तर एकच: प्रत्येक प्रतीत.

झरीना यांचा ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) हा ३६ वुडकटचा संच आणि त्याच्या २५ प्रती. दर चित्रात एक उर्दू शब्द आणि मोजक्या काळ्या रेघा. इथेही आधी रंगचित्र आणि मग त्याची नक्कल, असा प्रकार नाही. चित्तप्रसाद १९४६ मध्ये मुंबईत आले आणि अंधेरीत राहिले. राबणाऱ्या मुलांची चित्रे त्यांनी लिनोलियमवर कोरली. लिनोकट हे गरिबाचे माध्यम: स्वस्त लिनोलियम, साधी हत्यारे, प्रेस नसली तरी चमच्याने घासून छाप निघतो. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या कापांतला राग आजच्या गुळगुळीत जिक्लेत शोधून सापडणार नाही.

ज्योती भट्ट यांच्यासारख्यांनी वाढवलेली बडोद्याची परंपरा आणि १९९९ मध्ये तिथे निघालेली ‘छाप’ ही सामायिक कार्यशाळा सर्वांना माहीत आहे. मुंबईत अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ काढली. चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले तिथे एका छपराखाली आले. ती १९७२ पर्यंत चालली. पुढे या शहराने लिलाव वाढवले, गॅलऱ्या वाढवल्या. प्रेसवर पैसे घालणारे मात्र विरळाच राहिले.

मर्यादा नसणे हा दोष नव्हे, हेही सांगून टाकतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला आणि १९७२ मध्ये आगीत जळाला. त्या लक्ष्मी-सरस्वतीवर कधी आकडा पडला नाही. दर रंगाला वेगळा दगड होता आणि प्रती घराघरांत पोचाव्यात हाच हेतू होता. लोकांनी त्यांवर जरी-टिकल्या शिवल्या, देव्हाऱ्यात लावल्या, हळदीकुंकू वाहिले. उरलेल्यांना आज भाव आला तो वाळवीने आणि दमटपणाने बाकीच्या संपवल्या म्हणून. आमच्या पालीच्या कोळीवाड्यात घरोघरी वेलंकनी मातेची छापील तसबीर दिसते. तिनेही कधी दुर्मीळ असल्याचे सोंग केले नाही. अमर्याद छाप प्रामाणिक असू शकतो. खोटी असते ती मर्यादा.

हुसेन-रझांच्या सेरिग्राफबद्दल, म्हणजे जाळीतून काढलेल्या छापांबद्दल, एवढेच: ती रंगचित्रांची देखणी भाषांतरे आहेत आणि भाषांतराच्या भावातच घ्यावीत. डिजिटलमध्ये मला एकच गोष्ट पटते. टायलर हॉब्जच्या ‘फिडेन्झा’सारखी (२०२१) संगणकाच्या आज्ञावलीतून निघालेली ९९९ चित्रे, तिथे आज्ञावली हीच प्लेट आहे आणि दर छाप वेगळा निघतो. बाकी एनएफटीचा, म्हणजे डिजिटल फाइलच्या मालकीच्या नोंदींचा, बाजार म्हणजे पावत्यांचा व्यापार. मार्च २०२१ मध्ये बीपल या डिजिटल चित्रकाराच्या एका फाइलला क्रिस्टीजमध्ये ६.९ कोटी डॉलर मिळाले. त्याच वर्षी वझीरएक्स या क्रिप्टो-बाजाराने आपल्याकडे थाटलेले एनएफटीचे दुकान २०२४ मध्ये बंद झाले. सरकारने १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. तिला जुगाराच्या बक्षिसाच्याच दराला बसवणारा तो अधिकारी चित्रसमीक्षक झाला असता तर बरे झाले असते.

हे उपहासाने म्हणत नाही. चित्र कशाला म्हणावे, याबाबत कर खाते गॅलऱ्यांपेक्षा स्पष्ट आहे. सीमाशुल्क दरपत्रकाच्या ९७व्या प्रकरणात ‘मूळ मुद्राचित्रा’ची व्याख्या आहे: कलावंताने पूर्णपणे हाताने केलेल्या एक वा अनेक प्लेटांवरून थेट काढलेले छाप, यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक पद्धतीने काढलेले नव्हेत. सॅम्पल फ्लॅटमधले ते चित्र या व्याख्येत एक क्षणही टिकणार नाही. मग ‘मूळ, मर्यादित’ असे म्हणून ते विकता कसे येते? ग्राहकाला सांगायला हरकत काय, की हे उत्तम पोस्टर आहे?

या लबाडीत मार खातो तो खरा मुद्राचित्रकार. नायट्रिक अ‍ॅसिडच्या वाफेत उभे राहून, वीस प्रती काढून, पेन्सिलीने सही करणाऱ्या तरुणाला गिऱ्हाईक विचारते, “हे प्रिंटच ना? मग एवढे महाग का?” कायदाही त्याच्या पाठीशी नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ५३ अ आले. कलाकृती दहा हजार रुपयांवर पुन्हा विकली गेली तर चित्रकाराला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळावा, असे ते सांगते. पण त्यात कलाकृतींपैकी नावे आहेत ती रंगचित्र, शिल्प आणि रेखाचित्र यांची. त्याच कायद्याच्या व्याख्येत उत्कीर्ण चित्र (एन्ग्रेव्हिंग) कलाकृती म्हणून मोजले जाते. वाटा द्यायची वेळ आली की ते गळते. म्हणजे फोटोची प्रत ‘मूळ’ म्हणून खपते आणि हाताचा छाप कायद्याला मूळ वाटत नाही.

कलम ५३ अ मध्ये मुद्राचित्राचेही नाव यावे, ही दुरुस्ती चित्रकारांच्या संस्थांनी आणि गॅलऱ्यांनी मागायला हवी. निषेधाची पत्रके पुष्कळ झाली. तोवर घेणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: प्लेट कोणी कोरली, सगळ्या आकारांत आणि कागदांवर मिळून प्रती किती, आणि प्लेट रद्द केल्याची प्रत कुठे आहे. उत्तर मिळाले तर खुशाल मोल द्या, आम्लमुक्त कागदावर मढवा आणि समुद्राच्या दमट हवेपासून जपा. न मिळाले तर चित्र आवडल्यास जरूर घ्या, पण पोस्टरच्या किमतीत.